शिकवलेला मेकॅनिक टिकवायचा कसा: संगमनेरच्या एका गॅरेजमालकास उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमनेरजवळ पुणे-नाशिक महामार्गालगत वडिलांनी उभे केलेले गॅरेज आता तुम्ही चालवता आणि सर्व कंपन्यांच्या मोटारी दुरुस्तीला घेता. दोन लिफ्ट, एक पिट, चार मेकॅनिक आणि दोन हेल्पर असा तुमचा पसारा आहे. गेल्या १४ महिन्यांत चारपैकी तीन मेकॅनिक सोडून गेले. एक चाकणला कारखान्यात लागला, दुसरा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेला आणि तिसऱ्याने शेजारच्या गावात स्वतःचे गॅरेज टाकले. दरमहा २२,००० रुपये द्यायची तयारी असूनही जाणता माणूस येत नाही आणि नवा मुलगा शिकवला की दीड वर्षात जातो, तेव्हा शिकवायचे तरी कशासाठी, आणि शिकवण्यापूर्वी बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा कागद, लिहून घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

मी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीलगत २००१ पासून गॅरेज चालवतो. आज माझ्याकडे १४ माणसे आहेत आणि त्यांतले दोघे पहिल्या पाच वर्षांपासून सोबत आहेत. सोडून गेलेल्यांची यादी मात्र याहून बरीच मोठी आहे, आणि खाली जे लिहितो आहे त्यातले बरेचसे त्या यादीनेच मला शिकवले आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. तयार मेकॅनिक आता बाजारात मिळत नाही, तो आपल्यालाच घडवावा लागतो. आणि घडवलेला माणूस त्या गॅरेजात टिकतो, जिथे पुढच्या वर्षी आपण यापेक्षा अवघड काम करत असू याची त्याला खात्री असते. पगार त्याखालोखाल येतो. तो कमी असून चालत नाही, पण केवळ पगारावर धरून ठेवलेला माणूस दोन हजार रुपये जास्त देणाऱ्या पहिल्या मालकाकडे जातो.

माणसे का मिळेनाशी झाली, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. तुमच्या वडिलांच्या काळात मेकॅनिक घडण्याची एक ठरलेली वाट होती. दहा-बारा वर्षांचा पोऱ्या वस्तादाच्या हाताखाली येई, वर्षभर रॉकेलमध्ये नटबोल्ट धुई, मागितला तो पाना क्षणात हातात देई, मग ब्रेक, क्लचप्लेट आणि शेवटी इंजिन असे करत विशीत मिस्त्री होऊन बाहेर पडे. ही वाट बंद झाली आहे. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच व्यवसायांना लागू झाली, आणि ते योग्यच झाले. त्या वाटेने आलेल्या कितीतरी गुणी कारागिरांना आज स्कॅनरच्या, म्हणजे गाडीच्या संगणकातला दोष वाचणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरची चार ओळींची सूचना वाचताना अडखळायला होते. त्यांची बुद्धी कमी नव्हती, त्यांची शाळा आपल्यासारख्या गॅरेजांनी बुडवली होती. मात्र जुनी वाट बंद झाल्यावर नवी वाट बांधण्याचे काम आपण गॅरेजवाल्यांनी केले नाही. कुणीतरी दुसरा माणूस तयार करील आणि तो आपल्या दारात येईल, अशी वाट पाहत आपण बसलो.

तेवढ्यात गाडीही बदलली. १ एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुराचे बीएस-६ मानक लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. काही गाड्यांत यूरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. तुमच्याकडेही आता डीपीएफचा दिवा लागलेली गाडी येत असेल. गावातल्या गावात चार-पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट काजळी जळण्याइतका तापतच नाही, म्हणून फिल्टर तुंबतो. अर्धवट शिकलेला मेकॅनिक स्कॅनर लावून ती काजळी जबरदस्तीने जाळतो, दिवा विझवतो आणि गाडी देऊन टाकतो. तीन आठवड्यांत ती परत येते. जाणता मेकॅनिक आधी मालकाला गाडी रोज किती आणि कुठे चालते हे विचारतो, मग ऑइलची पातळी वाढून त्यात डिझेल उतरले आहे का ते पाहतो, धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अडकला आहे का, डिझेल फवारणारा एखादा इंजेक्टर गळतो आहे का हे तपासतो आणि त्यानंतरच स्कॅनरला हात लावतो. या दोघांच्या हातांत फारसा फरक नसतो. फरक विचार करण्याच्या सवयीत असतो, आणि ही सवय दहावी झालेल्या, नीट वाचता येणाऱ्या मुलाला दोन-तीन वर्षांत लावता येते, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

म्हणून जाहिरातीत "पाच वर्षे अनुभव, सर्व कामे येणारा मेकॅनिक पाहिजे" असे लिहिणे तुम्ही थांबवावे. असा माणूस आज मोकळा नसतो, आणि असलाच तर तो मोकळा का आहे हे आधी शोधावे लागते. तुमच्या चार जागांपैकी एक जागा दोष शोधणाऱ्या माणसाची आहे. ती भरण्यासाठी कदाचित ३०,००० रुपयांच्या पुढे जावे लागेल, आणि वायरिंग तुम्हाला स्वतःला चांगले येत असेल तर पहिली दोन वर्षे ती तुम्हीच सांभाळा. उरलेल्या तीन जागा आयटीआयच्या मुलांतून भरता येतात.

महाराष्ट्रात ४०० हून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांपैकी बऱ्याच संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा किंवा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. तुमच्या जवळच्या संस्थेत निकालानंतर जाऊ नका. त्या वेळेपर्यंत कारखान्यांनी मुले नेलेली असतात. दिवाळीनंतर जा आणि प्राचार्यांना भेटून झाल्यावर त्या ट्रेडच्या शिल्पनिदेशकांजवळ अर्धा तास बसा. कोणत्या मुलाला गुण चांगले आहेत हे कागदावर दिसतेच. कोणता मुलगा सुटी झाल्यावरही कार्यशाळेत रेंगाळतो हे फक्त त्या सरांना ठाऊक असते. मी दर वर्षी सातपूरच्या संस्थेत एक जुने इंजिन किंवा एखादा खराब झालेला ईसीयू (गाडीतला संगणक) मुलांना उघडून पाहण्यासाठी देतो आणि त्यानिमित्ताने दोन तास त्यांच्यात घालवतो. माझ्या गेल्या सहा भरतींपैकी चार त्या दोन तासांतून झाल्या आहेत.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ चा उपयोग लहान गॅरेजवाले करत नाहीत, कारण तो केवळ कारखान्यांसाठी आहे असा समज आहे. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर ४ ते २९ माणसे असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. म्हणजे तुम्हाला ते दार उघडे आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, कमाल १,५०० रुपये दरमहा, केंद्र सरकार उचलते. ही रक्कम फार मोठी नाही. त्या मुलाला वर्षाच्या शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते, ही बाब मला अधिक मोलाची वाटते, कारण तुमच्या गॅरेजात काढलेले वर्ष त्याच्या घरच्यांच्या नजरेत शिक्षणाचे वर्ष ठरते. संकेतस्थळावरची नोंदणी आणि करार यांत पहिल्या वेळी आठवडाभर जातो. तो जाऊ द्या.

मुलाखत मी टेबलावर घेत नाही. मागच्या शेडमध्ये एक जुनी हॅचबॅक उभी आहे आणि बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड वायरच्या थिंबलमध्ये, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीत, मी मुद्दाम गंज राखला आहे. चावी फिरवली की स्टार्टर जड फिरतो. उमेदवाराला मल्टिमीटर, पान्यांचा संच आणि अर्धा तास देतो. बहुतेक जण बॅटरी उतरली आहे म्हणून दुसरी मागतात आणि ती लावूनही स्टार्टर जडच फिरला की स्टार्टर उतरवायला घेतात. दोन वर्षांपूर्वी सुरगाण्याचा एक मुलगा आला होता. आयटीआय झालेला, सहा महिने दुचाकीच्या गॅरेजात काढलेला, बोलायला अतिशय बुजरा. त्याने आधी फेंडरवर कापड टाकले. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी स्टार्टरच्या बोल्टवर धरून हेल्परला चावी मारायला सांगितली. मीटरवर १.८ व्होल्ट दिसले. त्या वायरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको. तो काही बोलला नाही. त्याने बॅटरीची ऋण वायर सोडली, थिंबल काढली, पॉलिश पेपरने घासली, घट्ट आवळली आणि तेच माप पुन्हा घेतले. हे दुसरे माप घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. केलेले काम खरोखर झाले का हे पाहिल्याशिवाय जो बॉनेट बंद करत नाही, त्याला बाकीचे सगळे शिकवता येते.

चाचणीनंतर एक पूर्ण दिवस, त्या दिवसाची मजुरी देऊन, त्याला सगळ्यांबरोबर काम करू द्या आणि संध्याकाळी तुमच्या जुन्या माणसांना त्याच्याविषयी विचारा. ज्याच्याशी रोज आठ तास खांद्याला खांदा लावून राहायचे आहे, त्याच्याबद्दल त्यांना आधी विचारले जाते, ही गोष्ट त्यांनाही बरी वाटते. शक्य असेल तर मुलाच्या घरी एकदा जाऊन या. त्याच्या आईवडिलांना तो कुठे राहणार, कुठे जेवणार आणि काय शिकणार हे मालकाच्या तोंडून ऐकायचे असते. माझ्याकडची निम्मी मुले पेठ, सुरगाणा आणि इगतपुरी तालुक्यांतली आहेत; शहरात खोली मिळवणे आणि तिची अनामत भरणे हे त्यांना कामापेक्षा अवघड जाते, म्हणून दोन खोल्या मीच भाड्याने घेऊन ठेवल्या आहेत आणि भाड्यातला निम्मा वाटा मी देतो.

आता टिकवण्याविषयी, आणि त्यात प्रथम पैशांविषयी बोलतो, कारण तिथे बहुतेक मालकांचा हिशोब चुकतो. माझ्याकडे एक जाणता मेकॅनिक दिवसाला साधारण २,५०० रुपयांची मजुरी उभी करतो. तो गेला आणि त्याच्या जागी माणूस मिळायला सहा आठवडे लागले, तर कामाचे ३६ दिवस गेले, म्हणजे ९०,००० रुपयांची मजुरी बुडाली. नव्या माणसाच्या चुका आणि परत आलेल्या गाड्या यांचा हिशोब त्यात धरलेलाच नाही. त्या मेकॅनिकने वर्षापूर्वी ३,००० रुपये वाढ मागितली असेल, तर वर्षाचे ३६,००० रुपये होतात. हे गणित तुम्ही तुमच्या आकड्यांनी करा. मी ते २०१४ पर्यंत कधीच केले नव्हते.

वाढ मात्र मागितल्यावर देऊ नये. ती कशासाठी मिळेल हे आधीच ठरवून भिंतीवर लावावे. माझ्याकडे पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर सर्व्हिसिंग आणि ब्रेक, दुसरीवर सस्पेन्शन आणि क्लच, तिसरीवर इंजिनाचे काम व एसी, चौथीवर वायरिंग आणि स्कॅनरने दोष शोधणे, पाचवीवर स्वतः दोष शोधून दुसऱ्याला शिकवणे. प्रत्येक पायरीवर काय करून दाखवायचे ते लिहिलेले आहे, दर सहा महिन्यांनी परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यावर पुढच्या महिन्यापासून ठरलेली वाढ मिळते. पाचव्या पायरीवरच्या माणसाला, त्याने शिकवलेला मुलगा वर चढला की स्वतंत्र रक्कम मिळते. ही शेवटची तरतूद फार उपयोगी पडली, कारण त्याआधी जुने मेकॅनिक आपली विद्या झाकून ठेवत. नवा मुलगा शिकला की आपली किंमत उतरेल ही भीती त्यांना असे आणि ती खोटी नव्हती.

कामाच्या प्रमाणात पैसे देण्याचा मोह तुम्हाला होईल. अमेरिकेत अनेक डीलरशिप गॅरेजांत प्रत्येक कामाला ठरावीक तास धरून त्या तासांचे पैसे मेकॅनिकला देतात, मग प्रत्यक्षात वेळ कितीही लागो. वेगवान हातांना त्यात चांगली कमाई होते, परंतु दोष शोधण्यात दोन तास घालवणाऱ्याचे नुकसान होते, आणि म्हणून अवघड काम कुणालाच नको असते. आपल्याकडे काही ठिकाणी याहून वाईट पद्धत आहे, ती म्हणजे बदललेल्या पार्टवर कमिशन. त्यातून चांगला मेकॅनिकही धड असलेले शॉकअप बदलायला लागतो. मी पगाराचा मोठा भाग निश्चित ठेवतो आणि महिन्याच्या एकूण मजुरीतला ठरलेला हिस्सा सगळ्यांत वाटतो. तीस दिवसांत त्याच तक्रारीसाठी परत आलेली गाडी असली तर त्या कामाची मजुरी त्या एकूणातून वजा होते. त्यामुळे एकाचे काम दुसरा आपण होऊन तपासतो.

पगार सात तारखेच्या आत झालाच पाहिजे, आणि तो बँकेत झाला पाहिजे, कारण घरकर्ज किंवा मोटारसायकलचे कर्ज घ्यायला गेलेल्या मेकॅनिकला बँक पहिल्यांदा पासबुकच मागते. दहा माणसांपर्यंत पोहोचलात की कर्मचारी राज्य विमा लागू होतो, ज्यात मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्का असतो. तुम्ही अजून त्या संख्येच्या खाली आहात, म्हणून किमान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये प्रत्येकाच्या नावे भरा, ज्यात दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, आणि त्यावर एक सामूहिक आरोग्य विमा घ्या. कारखान्याची नोकरी मुलांना ओढते ती पगारापेक्षा अनेकदा या कागदांमुळे. लग्न ठरवताना मुलीकडचे लोक पीएफ आहे का असे विचारतात, आणि त्या घरात "गॅरेजात असतो" या वाक्याला अजून वजन नाही. ते वजन आपणच मिळवून दिले पाहिजे.

यापुढचे लिहिताना मला माझी चूक सांगावी लागेल. २०१३ साली माझ्याकडचा सर्वांत चांगला डिझेल मेकॅनिक एका एसयूव्हीचे ग्लो प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू होताना आत उष्णता देणारे प्लग, काढत होता. तिसरा प्लग कार्बनने पकडला होता आणि तो आवळ ढिली करताना तुटून इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, राहिला. हेड उतरवावे लागले, ग्राहकाशी वाद झाला, आणि मी रागाच्या भरात त्या मेकॅनिकच्या पगारातून तीन महिन्यांत ६,००० रुपये कापले. तो एक शब्द बोलला नाही. चौथ्या महिन्यात त्याने चावी, पास आणि दोन जोड कपडे टेबलावर ठेवले आणि गेला. जाताना एवढेच म्हणाला, "शेठ, गाडी गार होती आणि तुम्हीच घाई करायला सांगितली होती." ते खरे होते. पकडलेला प्लग काढण्यापूर्वी आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, इंजिन गरम करून घ्यावे, टॉर्क पान्याने ठरलेल्या मर्यादेपुढे जोर लावू नये आणि तुटण्याची शक्यता ग्राहकाला आधी सांगून जॉबकार्डवर सही घ्यावी, यांतले काहीही मी ठरवून दिलेले नव्हते. आज हे सगळे लिहिलेले आहे, आणि या पद्धतीने काम करूनही जे तुटेल ते गॅरेजचे नुकसान असते. या नियमाला दोन वर्षे झाल्यावर मला एक बदल जाणवला. चुका त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या कानावर यायला लागल्या. पूर्वी त्या महिन्याने, ग्राहकाच्या तोंडून समजत.

निष्काळजीपणा वेगळा आणि तो मी चालवून घेत नाही. चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळून प्रत्येक नटावर पिवळ्या मार्करची खूण करायची, आणि ड्रेन प्लग दुसऱ्या माणसाने हात लावून पाहायचा, हे न करता गाडी खाली उतरवली तर ताकीद मिळते. मेकॅनिकांना अशा कडक नियमांचा राग येत नाही. त्यांना राग येतो तो मालकाच्या मर्जीप्रमाणे बदलणाऱ्या नियमांचा.

दुसरी गोष्ट वाया जाणाऱ्या वेळेची. एक आठवडा भिंतीला वही टांगा आणि प्रत्येकाला हात रिकामे असलेला वेळ कारणासह लिहायला सांगा. माझ्याकडे ती वही भरली तेव्हा जुन्या मेकॅनिकांचे दिवसाला दोन-सव्वादोन तास पार्टची, स्कॅनर मोकळा होण्याची आणि ग्राहकाच्या होकाराची वाट पाहण्यात जात होते. मला ते आळशी वाटत होते. मी दुसरा स्कॅनर घेतला, पार्ट आणायला मोटारसायकलवरचा एक मुलगा ठेवला आणि अंदाजपत्रक सकाळी अकराच्या आत ग्राहकाला पाठवण्याचे काम एका मुलीला दिले, जी आता फ्रंट ऑफिस सांभाळते. हात चालते राहिले की माणूस खूश राहतो; कारागिराला रिकामे बसवणे हा त्याचा अपमान असतो.

पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत काम करणे काय असते, हे वेगळे सांगायला नको. पत्र्याखाली उष्णतारोधक थर, मोठे पंखे, थंड पाणी आणि स्वच्छ संडास-न्हाणीघर यांवर मी केलेला खर्च एका वर्षात वसूल झाला असे माझे मत आहे. न्हाणीघराचा उल्लेख मुद्दाम करतो. संध्याकाळी हात-पाय धुऊन, स्वच्छ कपडे घालून घरी जाता येणे या गोष्टीचा मुलांच्या मनावर फार परिणाम होतो. कपडे बदलायला स्वतंत्र खोली असेल तर आयटीआयच्या मुलींनाही घेता येते. माझ्याकडे दोघी आहेत आणि चौथ्या पायरीवर त्यांतली एक सर्वांत लवकर पोहोचली.

रजेच्या बाबतीत तुमच्या भागाचे पंचांग पाहा. आमच्याकडे जुलैत भातलावणी असते, तेव्हा डोंगराळ भागातली मुले दहा दिवस घरी जाणारच. पूर्वी ती न सांगता जात आणि मी चिडत असे. आता मार्चमध्येच कोण कधी जाणार हे ठरते. एसीच्या कामाचा हंगाम तोवर संपलेला असतो, आणि पाळीपाळीने पाठवले तर गॅरेज बंद पडत नाही. तुमच्याकडे ऊस, कांदा आणि गावची यात्रा या तारखा धरा.

शिकण्याची हमी म्हणजे काय, हे शेवटी सांगतो. आमच्याकडे दर शनिवारी चार वाजता लिफ्ट थांबतात आणि आठवड्यातला सर्वांत अवघड दोष ज्याने शोधला तो फळ्यावर आकृती काढून सांगतो. पाऊण तास जातो. ग्राहकाला माझ्याऐवजी तोच मेकॅनिक फोन करून दोष समजावतो आणि जॉबकार्डवर त्याचे नाव असते, त्यामुळे ग्राहक पुढच्या वेळी त्याला नावाने विचारतात. मालकांना याची भीती वाटते. ग्राहक त्याच्याबरोबर निघून जाईल असे वाटते. क्वचित तसे झालेही आहे. तरी सुद्धा ज्याला नाव मिळाले आहे तो माणूस नाव न मिळालेल्यापेक्षा उशिरा जातो, असा माझा अनुभव आहे.

विजेवरच्या गाड्यांमुळे आपले काम संपेल का, हा प्रश्न आज प्रत्येक तरुण मेकॅनिकच्या मनात आहे आणि तो कुणाजवळ बोलून दाखवत नाही. त्याला उत्तर कृतीने द्यावे लागते. मी दोघांना उच्च विद्युतदाबाच्या बॅटरीचे प्रशिक्षण दिले, १,००० व्होल्टपर्यंतचे रबरी हातमोजे आणि इन्सुलेटेड पाने घेतले. उच्च दाबाच्या नारिंगी वायरला हात लावण्यापूर्वी बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेली मिनिटे थांबायचे आणि मीटरने शून्य दाब पाहूनच पुढे जायचे, हे आधी त्यांनी आणि मग त्यांच्याकडून सगळ्यांनी शिकून घेतले. अशा गाड्या आमच्याकडे महिन्याला फार येत नाहीत. पण गॅरेज पुढच्या दहा वर्षांची तयारी करते आहे हे त्यांना दिसते, आणि कारखान्यातल्या एका स्टेशनवर तेच चार बोल्ट आवळणाऱ्या त्यांच्या मित्रांशी ते स्वतःची तुलना करतात तेव्हा ही गोष्ट त्यांच्या बाजूने बोलते.

आता बाँड. लिहून घेऊ नका आणि मूळ प्रमाणपत्रे तर कधीही ठेवून घेऊ नका. मोठी उचल देऊन माणूस अडकवून ठेवण्याची आपल्या धंद्यातली जुनी रीतही सोडा. जूनमध्ये शाळेच्या फीसाठी किंवा आजारपणात उचल जरूर द्या, पण ती वहीत लिहा आणि जाताना ती फेडण्यासाठी सहा महिन्यांची मुदत द्या. मनाने निघून गेलेला मेकॅनिक कागदाने थांबला तर तो रोज तुमच्या ग्राहकाच्या गाडीवर काम करत असतो, हे लक्षात ठेवा. नोकरी सोडण्याआधी एक महिना सांगावे एवढीच अट असू द्या, आणि जो ती पाळील त्याचा पूर्ण हिशोब व अनुभवाचे पत्र शेवटच्या दिवशीच हातात द्या.

ज्याने शेजारच्या गावात गॅरेज टाकले आहे, त्याच्याकडे तुम्ही स्वतः एकदा जाऊन या. त्याच्याकडे स्कॅनर नसेल, लिफ्टही नसेल. अवघड दोषाची गाडी तो कुणाकडे तरी पाठवणारच आहे. माझ्याकडून बाहेर पडलेल्या तिघांची गॅरेजे आज नाशिक परिसरात आहेत आणि महिन्याला आठ-दहा वायरिंगची व इंजेक्टरची कामे त्यांच्याकडून माझ्याकडे येतात. ग्लो प्लगवरून गेलेला तो मेकॅनिकही २०१९ मध्ये परत आला. मी त्याला भेटून माफी मागितली होती आणि कापलेले ६,००० रुपये परत दिले होते. सुरगाण्याचा तो बुजरा मुलगा सध्या त्याच्याच हाताखाली तिसऱ्या पायरीची तयारी करतो आहे.